कैरोचा कार्टूश, स्कॅरब आणि वेसेख: दागिना उलटा केल्यावर काय दिसतं

निकाल आधीच सांगून टाकू. नावाचा चांदीचा कार्टूश (प्राचीन इजिप्शियन चित्रलिपीत नाव लिहिलेलं लांबट पदक) जरूर घ्यावा, फक्त त्यातली चिन्हं आपण ठरवून द्यावीत. स्कॅरबची, म्हणजे शेणकिड्याच्या आकाराच्या दगडाची, फिरती अंगठी घ्यायला हरकत नाही, पण ट्रेभर अंगठ्या उलट्यासुलट्या केल्यावर एखादीच घेण्याजोगी निघते. गळाभर बसणारा वेसेख, म्हणजे मण्यांच्या ओळींचा रुंद हार, मात्र तयार घेऊच नये. मणी घ्यावेत आणि तो गाठवून घ्यावा.

हा आढावा आहे कैरोच्या खान अल-खलिली बाजारात आणि त्याला लागूनच अल-मुइझ रस्त्यावर असलेल्या साघात, म्हणजे तिथल्या सराफकट्ट्यात, हातानं घडवून विकल्या जाणाऱ्या 'फॅरोनी', म्हणजे प्राचीन इजिप्शियन राजांच्या काळच्या धर्तीच्या, दागिन्यांचा. बाजार मामलुक सुलतानांच्या काळातला. 1382 साली अमीर जहारकस अल-खलिली यानं इथं सराई बांधली, तिचंच नाव पुढे बाजाराला पडलं. एखाद्या दुकानाचं नाव सुचवण्यात फारसा अर्थ नाही, कारण वरच्या मजल्यांवरच्या लहान कारखान्यांत तयार झालेला माल खालच्या अनेक दुकानांत जातो. काचेच्या कपाटात पिवळ्या दिव्याखाली सगळ्यांचाच माल सारखा चकाकतो. एक दागिना कसा केलाय ते पाठीवरून कळतं, म्हणून दुकानदारानं हातात दिला की पहिल्यांदा तो पालथा करायचा.

धातूपासून सुरुवात करू, कारण या बाजारातला तो सगळ्यात सरळ व्यवहार. इजिप्तमध्ये सोन्याचांदीवर सरकारी छाप असतो, त्याला 'दमगा' म्हणतात. आकडे अरबी वळणाचे असल्यामुळे आपली गल्लत होते. त्यांचा नऊ इंग्रजी नऊसारखाच दिसतो. आठ म्हणजे उलटा 'व्ही'. पाच म्हणजे छोटं वर्तुळ आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. तेव्हा नऊ, मधे एक आकडा आणि शेवटी वर्तुळ दिसलं तर ती 925 चांदी. वर्तुळाला शून्य समजून अनेकजण 920 वाचतात आणि दुकानदाराशी उगीच हुज्जत घालतात. नवापुढे दोन ठिपके म्हणजे 900. उलट्या 'व्ही'पुढे दोन ठिपके म्हणजे 800. सोन्यावर उभी रेघ आणि उलटा 'व्ही' असेल तर 18 कॅरट. इजिप्शियन घरांत लग्नाचं सोनं बहुतेक 21 कॅरटचं असतं, पण कार्टूश 18 मध्येच करून घ्यावा. 21 कॅरट मऊ पडतं आणि बारीक चिन्हं वाकतात. अरबी छाप नाही, फक्त इंग्रजी आकड्यांत 925 कोरलंय, अशा वस्तूची पावती घेताना तिच्यावर टंच आणि वजन लिहून घ्यावं. लिहायला कां-कूं झाली तर वस्तू तिथंच ठेवावी.

भावाचं गणित आपल्यासारखंच. वजन गुणिले त्या दिवसाचा दर, अधिक 'मस्नइय्या', म्हणजे घडणावळ. नऊ ग्रॅमच्या 925 कार्टूशात शुद्ध चांदी 8.3 ग्रॅम असते, 800 मध्ये 7.2 ग्रॅम. दोन्हींना एकच दर सांगितला तर तिथंच थांबवून विचारा. धातूच्या दरात घासाघीस करून काही मिळत नाही. जी काही सवलत असते ती घडणावळीत. आणि सोबत गाइड असेल तर त्याचं कमिशनही त्याच घडणावळीत बसलेलं असतं, म्हणून दागिन्यांच्या गल्लीत एकट्यानं गेलेलं बरं.

चांदीच्या पट्टीवर सोन्याची चिन्हं असलेला दुरंगी कार्टूश फार खपतो. चिन्हं खरंच 18 कॅरटची आहेत की चांदीवर मुलामा आहे, हे स्पष्ट विचारावं आणि सोन्याचं वजन पावतीवर वेगळं मागावं. मुलामाच असेल तर त्याची जाडी विचारा. अडीच मायक्रॉनचा थर बरीच वर्षं टिकतो. अर्ध्या मायक्रॉनच्या खालचा असेल तर चिन्हांच्या कडा आधी पांढऱ्या पडतात, कारण कपड्याचं घासणं नेमकं उंच कडांवर होतं. पितळेवर मुलामा दिलेले कार्टूशही याच कपाटात चांदीच्या शेजारी टांगलेले असतात. ते भेटीदाखल वाटायला ठीक, अंगावर रोज घालायला नाहीत.

आता चिन्हं. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, आणि मराठी नावाच्या तर हमखास.

कार्टूश म्हणजे दोरीचा लांबट फेरा, एका टोकाला गाठीची आडवी रेघ. चौथ्या राजवंशाच्या स्नेफरूपासून राजाचं नाव त्यात लिहायची रीत पक्की झाली. प्रजेपैकी कोणी आपलं नाव असं लिहिलं नसतं, पण आता राजे नाहीत आणि दुकानदारांची हरकत नाही. काउंटरखाली एक लॅमिनेट केलेला तक्ता असतो. त्यावर ए ते झेड अशी इंग्रजी अक्षरं आणि प्रत्येकासमोर एक चिन्ह. तुम्ही पासपोर्टवरचं स्पेलिंग दिलंत की कारागीर तेवढी चिन्हं एकाखाली एक झाळून देतो. प्राचीन इजिप्शियन लिपीत मात्र एका व्यंजनाला एक चिन्ह अशी चोविसेक चिन्हं आहेत आणि त्यांची जात इंग्रजीपेक्षा आपल्या वर्णमालेला जवळची आहे. 'श'ला स्वतंत्र चिन्ह आहे: तळं, म्हणजे एक आडवा आयत. 'च'च्या जवळचा उच्चार जनावराच्या पायाला बांधायच्या दाव्यानं दाखवतात, 'ज'चा नागानं.

'शरद' हे नाव घ्या. तक्त्याप्रमाणे सहा चिन्हं होतात: घडी घातलेलं कापड, झोपडीचा आराखडा, गिधाड, तोंड, गिधाड, पंजा. वाचलं तर स-ह-अ-र-अ-द. खरं तर तळं, तोंड आणि पंजा या तीन चिन्हांत काम होतं, आणि तिन्ही आडवी, बसकी असल्यामुळे एकावर एक सुरेख बसतात. 'छाया'चं तर पार वाटोळं होतं. 'सी'समोर तक्त्यात कानाची टोपली असते, ती 'क'ची. म्हणजे टोपली, झोपडी, पुन्हा झोपडी, गिधाड, बोरूची दोन पानं, गिधाड. क्-ह-ह-आ-य-आ. त्याऐवजी दावं, बोरूची दोन पानं आणि गिधाड, संपलं. 'वैशाली'चा 'व्ही' शिंगवाल्या सापावर जातो आणि तो साप 'फ'चा आहे. 'व'साठी लाव्याचं पिल्लू मागा. मग लाव्याचं पिल्लू, बोरूची दोन पानं, तळं, सिंह, बोरूची दोन पानं असं नाव तयार होतं.

सिंह कुठून आला? जुन्या इजिप्शियनमध्ये 'ल'ला स्वतंत्र चिन्ह नव्हतं. ग्रीक राजांची नावं लिहायची वेळ आली तेव्हा बसलेला सिंह 'ल' म्हणून पक्का झाला. टॉलेमी आणि क्लिओपात्रा या दोघांच्याही कार्टूशात तो आहे, आणि फ्रेंच अभ्यासक शाँपोलिऑनला 1822 मध्ये लिपी उलगडताना या नावांचा मोठा उपयोग झाला. 'ळ'चंही याच सिंहावर भागवावं लागतं. स्वर लिहावेत की नाही, यालाही क्लिओपात्राचाच दाखला पुरेसा आहे: परकं नाव म्हणून तिच्या कार्टूशात 'आ'साठी गिधाड आणि 'ओ'साठी दोरीचा फास वापरलाय. मराठी नावात शेवटचा 'आ' किंवा 'ई' तेवढा दाखवावा, मधले 'अ' सोडून द्यावेत. तिच्या नावाच्या शेवटी पावाचा छोटा अर्धगोल आणि अंडं आहे. ती स्त्रीच्या नावाची खूण. जागा उरत असेल तर बायकांच्या नावाला ती जरूर जोडून घ्या, नुसत्या अक्षरांपेक्षा कार्टूश एकदम भारदस्त दिसतो.

'म' म्हणजे घुबड. माधुरी, मंगला, मीनल यांच्या घरी आजी असेल तर गळ्यात घुबड बघून काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको. 'म'साठी आडव्या लांबट पट्टीसारखं दुसरंही एक चिन्ह लिपीत आहे. तक्त्यावर ते नसतं, चित्र काढून द्यावं लागतं.

आणखी दोन गोष्टी कागदावरच तपासायच्या. घुबड, गिधाड, सिंह, साप, पिल्लू या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला हवीत. ती वाचायला सुरुवात करायच्या बाजूला बघतात. डबीत साच्यातून काढलेली तयार चिन्हं डावी-उजवी मिसळलेली असतात, त्यामुळे घुबड एकीकडे आणि सिंह दुसरीकडे बघतोय असे कार्टूश सर्रास दिसतात. दुसरं म्हणजे गाठीची आडवी रेघ उभ्या कार्टूशात खाली यायला हवी. कडी जर रेघेच्या बाजूला झाळली असेल तर नाव गळ्यात उलटं लटकणार. साडेतीन सेंटिमीटर उंचीच्या चौकटीत आतली जागा जेमतेम तीन सेंटिमीटर उरते, तिच्यात एकाखाली एक पाच चिन्हं नीट मावतात. आठ घातली तर प्रत्येकाला चार मिलिमीटरही मिळत नाहीत आणि घुबडाचा कोंबडा होतो. जाणता कारागीर बसकी चिन्हं एकावर एक आणि उभी चिन्हं शेजारी शेजारी लावून चौकोन भरतो, जसं देवळांच्या भिंतींवर दिसतं. त्याच्याकडून पेन्सिलनं आराखडा काढून घ्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि मगच आगाऊ रक्कम द्या. काम एक-दोन दिवसांत होतं.

वस्तू हातात आली की पालथी करा. 'हातानं केलेला' याचा अर्थ इथं बहुतेक वेळा असा की चौकट आणि चिन्हं ओतीव किंवा ठशाची, आणि झाळकाम हातचं. यात फसवणूक नाही, पण मग झाळकामच नीट बघायला हवं. पट्टीवर चिन्हं बसवलेली असतील तर घुबडाच्या पंखाखाली पावतीच्या कागदाची कड सरकवून बघा. कागद आत गेला तर डाक, म्हणजे झाळताना वितळवतात तो जोडधातू, पसरलेला नाही. याचं कारण असं, की पट्टी जड आणि चिन्ह हलकं. ज्योत घाईनं चिन्हावर धरली की ते आधी तापतं, डाक त्याच्यावरच चढतो आणि खालची पट्टी थंडच राहते. वरून सगळं चिकटलेलं दिसतं. साडीच्या पदराचा एक धागा पंखात अडकला की घुबड उडालं म्हणून समजा. उलट डाक जास्त झाला तर बोरूच्या पानावरच्या रेघा आणि पाण्याच्या लाटेचे ('न'च्या चिन्हाचे) कोपरे भरून जातात. असा कार्टूश टिकतो, पण ठोकळ्यासारखा दिसतो.

पट्टी नसलेल्या, आरपार जाळीच्या कार्टूशात प्रत्येक चिन्ह चौकटीला किंवा शेजारच्या चिन्हाला किमान दोन ठिकाणी जोडलेलं हवं. पाण्याची लाट दोन्ही टोकांना टेकते, तिची काळजी नाही. बोरूचं पान फक्त बुडाशी जोडलेलं असेल तर ते सहा महिन्यांत पुढे वाकतं. कडी नुसती दाबून मिटलेली नको, सांधा झाळलेला हवा. आणि पाठीमागे काळपट छिद्रं टोचल्यासारखी दिसली तर ओतकाम सदोष आहे. तिथं पुढे चीर जाते.

रंगीत जडावाच्या पदकांबद्दल थोडक्यात. प्राचीन इजिप्शियन कामात मिना वितळवून भरत नसत. सोन्याच्या पत्र्याच्या उभ्या भिंतींनी कप्पे करायचे आणि प्रत्येक कप्प्याच्या मापाचा दगड कापून आत बसवायचा, अशी ती रीत. इजिप्तमधल्या लाहूनला 1914 मध्ये सापडलेलं सितहाथोरयुनेत राजकन्येचं पदक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. रुंदी सव्वाआठ सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्यात तांबडा अकीक, लाजवर्द (गडद निळा दगड), पिरोजा असे 372 तुकडे बसवलेत. दागिना पालथा केला तर मागच्या सोन्यावरही तेच चित्र कोरलेलं आहे. खानमधल्या पदकांत बहुतेकदा रंगीत रेझिन ओतलेलं असतं. भिंगातून बारीक बुडबुडे दिसतात आणि रंग भिंतीवर किंचित चढलेला असतो. चांदीचं म्हणून घ्या, खड्यांचे पैसे देऊ नका. खरे खडे बसवलेली पदकंही मिळतात, पण त्यातला 'पिरोजा' पुष्कळदा रंगवलेला पांढरा दगड असतो. ओवायचं भोक असलेला खडा असेल तर भोकाच्या आत बघा, तिथं पांढरा दिसतो. तांबड्या अकीकाचे मणी तर भारतातून येणाऱ्यानं तिथं घेऊच नयेत; ते काम खंबायतला उत्तम होतं.

पैसे सैल सोडायची तयारी असेल तर इजिप्शियन दागिने-रचनाकार अझ्झा फहमी यांच्या दालनात एकदा डोकावावं. 1969 च्या सुमारास याच खान अल-खलिलीत कारागिरांच्या हाताखाली शिकून त्यांनी काम सुरू केलं. चांदी आणि 18 कॅरट सोनं एकत्र घडवायची त्यांची पद्धत ओळखीची झाली आहे. किमती बाजाराच्या कितीतरी पट, पण झाळकाम कसं दिसायला हवं याचा डोळा तिथं तयार होतो. तो तयार करून मग गल्लीत शिरावं.

स्कॅरबची अंगठी. शेणकिड्याच्या आकाराचा दगड, त्यातून लांबीला आरपार भोक, भोकातून तार, आणि तारेची टोकं अंगठीच्या दोन्ही खांद्यांना गुंडाळलेली. बोटावर किडा फिरवला की पोटावरचा मजकूर वर येतो. सगळा भार त्या एका तारेवर असतो, म्हणून अंगठी कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली तर तार भोकापेक्षा बरीच बारीक आहे. ती एका जागी घासत राहते आणि भोकाच्या तोंडाशी दगडाचा टवका उडतो. तार एक मिलिमीटरच्या आसपास हवी. भोकात आधी चांदीची नळी बसवून मग तार घातलेली असेल तर फारच उत्तम, त्या कारागिराकडे आणखी काय आहे ते विचारा.

दगड बहुधा शिरगोळा असतो, म्हणजे स्टिएटाइट. हा इतका मऊ, की न भाजलेल्यावर नखानं ओरखडा उठतो. जुने कारागीर त्यावर झिलई चढवून भट्टीत भाजत, त्यामुळे तो कठीण होई. आजचे स्वस्त स्कॅरब रंगवून मेण चोळलेले असतात. रोजच्या बोटावर वर्षभरात डोकं गुळगुळीत होतं. रोज घालायचा असेल तर लाजवर्द किंवा अकीक घ्यावा. कोरीव आहे की साच्यातला, हे बाजूनं कळतं. सहा पायांच्या खाली हत्यार फिरून खोलगट सावली पडलेली असते. साच्यातल्याला त्याच जागी कडेभर एक सांध्याची रेघ असते. दातावर हलकेच टेकवला तर दगड थंड आणि कडक लागतो, रेझिन कोमट आणि मऊ.

मग पोट बघा. सूर्याचं वर्तुळ, त्याखाली सोंगट्यांचा पट आणि त्याखाली किडा अशी तीन चिन्हं असतील तर ते 'मेनखेपेररे', तिसऱ्या थुटमोसचं राजनाव. तो मेल्यावरही शतकानुशतकं हे नाव स्कॅरबवर कोरलं जात राहिलं, त्यामुळे नकलेसाठीही हेच सगळ्यात योग्य. पुष्कळ स्कॅरबांच्या पोटावर नुसत्या चिन्हासारख्या दिसणाऱ्या खुणा असतात. त्यांचा अर्थ विचारलात तर दुकानदार जो सांगेल तो त्याच्या मनाचा.

लक्सरच्या पश्चिम काठावर कुर्नाच्या परिसरात स्कॅरब कोरणाऱ्यांची जुनी परंपरा आहे आणि तिथलं हातकाम कैरोपेक्षा सरस असतं. मात्र कोणी रुमालात गुंडाळलेला स्कॅरब काढून 'हा खरा, थडग्यातला' असं कानात सांगितलं तर सरळ पुढे चालू लागा. 1983 च्या कायदा क्रमांक 117 नं पुरावस्तूंची खरेदी-विक्री आणि देशाबाहेर नेणं बंद आहे. तेव्हा ती वस्तू एकतर नवी आहे किंवा तुम्हाला विमानतळावर अडकवणारी आहे. नवी असेल तरी जुनाट दिसणारा स्कॅरब सामानात ठेवताना दुकानाची पावती सोबत असू द्या.

शेवटी वेसेख, आणि याच्यावर जरा वेळ घालवायला हवा. वेसेख म्हणजे 'रुंद'. गळ्यापासून खांद्यापर्यंत पसरणारा, उभ्या नळीमण्यांच्या ओळींचा हार. सगळ्यात खाली थेंबासारखे लोलक, दोन टोकांना अर्धगोल किंवा ससाण्याच्या डोक्याच्या पट्ट्या. थीब्जच्या (आजच्या लक्सरजवळचं प्राचीन शहर) वाह नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातला निळसर फायान्सचा (गारगोटीच्या पुडीपासून भाजून केलेल्या झिलईदार मण्यांचा) वेसेख मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, चार हजार वर्षांपूर्वीचा. नमुना म्हणून तोच डोळ्यांसमोर ठेवावा.

तयार वेसेख टेबलावर सपाट ठेवा. दहा सेकंदांत कळतं. कडा वाटीसारख्या वर उचलल्या तर बाहेरच्या ओळींत मणी कमी आहेत. झालरीसारख्या लाटा आल्या तर जास्त आहेत. सपाट बसला पण बाहेरच्या ओळींत मण्यांमधून दोरा दिसतोय, तर कारागिरानं मणी वाचवून दोरा ताणलाय. बाजारात हा तिसरा प्रकार सर्वाधिक.

हिशोब अवघड नाही. गळ्याशी त्रिज्या साडेसहा सेंटिमीटर आणि हार पाऊण वर्तुळाचा धरला, तर आतली कड साडेतीस सेंटिमीटर भरते. नळीमणी तीन मिलिमीटर जाड असेल तर पहिल्या ओळीत 102 मणी. नळी 13 मिलिमीटर लांब आणि ओळींमधल्या बारीक मण्यासाठी एक मिलिमीटर, म्हणजे दर ओळीला त्रिज्या 14 मिलिमीटरनं वाढते आणि पाऊण वर्तुळाची लांबी 66 मिलिमीटरनं. म्हणजे प्रत्येक ओळीत आधीपेक्षा 22 मणी जास्त. पाच ओळींना 102, 124, 146, 168 आणि 190, एकूण 730. बाहेरची कड साडेत्रेसष्ट सेंटिमीटर होते, एक सेंटिमीटर रुंदीचे त्रेसष्ट लोलक लागतात. फुटणारे, वाकड्या भोकाचे वगळायचे असतात म्हणून मणी दहा टक्के जास्त घ्यावेत. सगळ्या ओळींत सारखेच मणी घातलेला वेसेख पाहिलात तर तो नाटकाच्या पेटाऱ्यातला समजा.

मणी फायान्सचे म्हणून विकतात, पण बहुतेक झिलई दिलेल्या मातीचे असतात. फायान्स मातीचं नसतंच. गारगोटीची पूड, थोडा चुना, सोड्याचा क्षार आणि निळ्या रंगासाठी तांबं असं ते मिश्रण. मणी वाळताना क्षार पृष्ठभागावर फुलून येतो आणि भट्टीत तोच वितळून आपोआप झिलई होते. वाळत असताना बोट लागलं तर क्षार पुसला जातो आणि तिथं टक्कल पडतं. इजिप्शियन त्याला 'त्चेहेनेत' म्हणत, झळाळणारं. ओळखायची खूण एकच भरवशाची: दुकानातला फुटका मणी मागा. फायान्सचा मोडलेला भाग पांढरट आणि खडीसाखरेसारखा रवाळ असतो, वरची निळाई हळूहळू आत विरते. मातीच्या मण्यात गर एकसारखा, बारीक, आणि झिलईची रेघ स्पष्ट वेगळी दिसते. मातीचे मणी वाईट नाहीत, मजबूतही असतात. फक्त भाव मातीचा द्यावा. फायान्सच्या निळ्यात उजवं-डावं असतंच. 730 मणी अगदी एका छटेचे असतील तर उलट संशय घ्यावा.

गाठवण्यासाठी मात्र मणी घरी आणावेत. पुण्या-कोल्हापुरातल्या पटवेकऱ्याला पदर सांभाळायची आणि गाठ लपवायची जी सवय आहे, ती पर्यटकांसाठी झटपट हार ओवणाऱ्याला नाही. त्याला तीन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. नळीमण्याची तोंडं पातीसारखी धारदार असतात, त्यामुळे रेशीम आणि सुती दोरा कापला जातो. सुती दोरा घामही पितो. तंगूस ताणला जाऊन सैल पडतो आणि त्याची गाठ घसरते. मेण लावलेला पॉलिएस्टर किंवा मासेमारीची बारीक विणलेली दोरी वापरावी, आणि धारदार तोंडं ओवण्याआधी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश कागदावर घासून घ्यावीत. दुसरं, टोकाच्या पट्टीत ओळी तितकी भोकं हवीत आणि प्रत्येक दोऱ्याची गाठ स्वतंत्र हवी. पाचही दोरे एकाच गाठीत बांधले तर एक तुटल्यावर सगळा हार सांडतो. तिसरी गोष्ट म्हणजे मागचा भार.

एवढे मणी, लोलक आणि पट्ट्या मिळून हार दोनशे ग्रॅमच्या घरात जातो आणि जवळजवळ सगळं वजन पुढे असतं. म्हणून इजिप्शियन लोक पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, मण्यांचाच एक लोंबता तोल सोडत, त्याला मनखेत म्हणत. ठुशीला मागे गोंडा असतो तो लांबी कमीजास्त करायला. मनखेत दिसायला तसाच, पण काम वजनाचं. बाजारातल्या वेसेखांत तो हमखास गाळलेला असतो आणि त्याजागी साखळीचा आकडा लावतात. परिणाम असा, की हार तासाभरात पुढे ओघळतो, आतली कड गळ्याला टोचते आणि घालणारी बाई सारखी हात मागे नेत राहते. चाळीस ते साठ ग्रॅमचा मनखेत लावला की हे थांबतं. त्याची दोरी मानेच्या हाडावर येते, म्हणून शेवटचे पाच-सात सेंटिमीटर मणी न घालता गोफ विणून घ्यावा.

राखायची पद्धत तिन्हींची वेगळी. चांदीच्या कार्टूशात चिन्हं उठून दिसावीत म्हणून पार्श्वभूमी मुद्दाम काळी केलेली असते. ॲल्युमिनियमची पन्नी आणि खायचा सोडा हा घरगुती उपाय किंवा बाजारातलं चांदी उजळायचं द्रावण वापरलं तर ती काळीही निघून जाते आणि नाव वाचताच येत नाही. रिठ्याचं पातळ पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं पुसणं, एवढंच करावं. रेझिनची पदकं आणि खडे चिकटवलेल्या वस्तू सोनाराच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकू देऊ नयेत. फायान्स सच्छिद्र असतं. ते भिजवलं तर पाणी भोकातून आत शिरतं आणि दोरा आतून ओला राहतो. ओलसर फडक्यानं पुसून पंख्याखाली वाळवावं.

वेसेख घडी घालून ठेवू नये, आणि खुंटीला तर मुळीच टांगू नये. वरच्या ओळीचा दोरा ताणतो. मिठाईच्या मोठ्या चपट्या खोक्यात मलमलीवर सपाट पसरावा, मनखेत शेजारी काढून ठेवावा. प्रवासात तो खोका हातातल्या सामानात असू द्या.